छत्री काढून थेट वाहिन्या इंटरनेटवर: कोणी पूर्ण स्थलांतर केलं आहे का?

मध्यंतर

मंडळी, बरेच दिवस घरात हा विषय घोळतोय. गच्चीवरची छत्री जोराचा पाऊस आला की मान टाकते, सेट-टॉप बॉक्स उन्हाळ्यात इतका तापतो की वर हात ठेववत नाही आणि त्याच्या रिमोटचं झाकण गेली दोन वर्षं रबरबँडवर तग धरून आहे. घरात फायबर आलेलंच आहे, मग टीव्हीसाठी वेगळी वर्गणी कशाला, असा विचार करून थेट वाहिन्या इंटरनेटवरून देणाऱ्या एका सेवेची चाचणी सुरू केली. सिनेमे-मालिका हवं तेव्हा बघायचं ॲप म्हणत नाहीये मी. नेहमीच्याच वाहिन्या, त्यांच्याच वेळेला, फक्त तारेतून.

पहिल्याच शनिवारी फटका बसला. सामन्याचं शेवटचं मिनिट, आमच्या पडद्यावर खेळाडू अजून मध्यरेषेवर चेंडू घोळवतोय आणि खालच्या मजल्यावरून "गोऽऽल!" पुढचं अर्ध मिनिट आमचं अख्खं घर गप्प बसून, झालेला गोल व्हायची वाट बघत होतं.

दुसरं म्हणजे बाबा. त्यांना वाहिन्यांचे नंबर पाठ आहेत, नावं नाहीत. ॲपमध्ये नंबर नाहीत, नुसते लोगो. शिवाय एक वाहिनी बदलायला चार-पाच सेकंद लागतात, तोवर ते पुढचं बटण दाबून मोकळे होतात. आणि कॅमेरा मैदानावरून फिरला की चित्र किंचित अडखळतं, ते वेगळंच. इंटरनेटचा वेग मोजला तर भरपूर आहे.

ज्यांनी छत्री खरोखर काढून टाकली त्यांना पुढे पस्तावा झाला का, हे जाणून घ्यायचंय.

किरकिर

नाही झाला, कारण काढलीच नाही. पावसात वर्षातून दहा तास जातात, तेवढं चालतं.

रात्रपाळी

मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो (व्हिडिओ पोचवणाऱ्या बाजूला, कुठल्या कंपनीत ते सोडा), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छत्रीतून येणारं चित्र नळाच्या पाण्यासारखं सलग वाहत येतं. इंटरनेटवर तेच चित्र बादल्या भरून येतं. वाहिनीचा प्रवाह आधी चार-सहा वेगवेगळ्या दर्जांत दाबून घेतात, मग प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि तुकड्यांची एक यादी सतत ताजी करत ठेवतात. तुमचा टीव्ही दर थोड्या वेळाने ती यादी मागवतो आणि पुढचा तुकडा उचलतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस नावाची पद्धत आजही सर्रास वापरात आहे. सुरुवातीला त्यात दहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला होता, २०१६ मध्ये तो सहावर आणला. गंमत पुढे आहे: या पद्धतीच्या लिखित नियमातच म्हटलंय की थेट प्रवाह सुरू करताना प्लेअरने यादीच्या शेवटापासून किमान तीन तुकडे मागे राहावं. सहा त्रिक अठरा. म्हणजे सगळं बिनचूक चाललं तरी अठरा सेकंद तुम्ही ठरवून मागे बसवलेले आहात. त्यात चित्र दाबायचा वेळ, तुकडा पूर्ण भरेपर्यंतचा वेळ आणि साठवण सर्व्हरांवर पोचायचा वेळ मिळवा. अर्ध मिनिट सहज होतं.

हा उशीर म्हणजे बिघाड नव्हे. ती गादी आहे. वायफाय दोन सेकंद गचकलं तरी चित्र चालू राहतं ते या गादीमुळे.

किरकिर

म्हणजे "लाइव्ह" हा शब्द नुसता सजावटीला. छान.

रात्रपाळी

@किरकिर, छत्रीही थेट नसते हो. उपग्रह साधारण ३५,७८६ किमीवर, वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. पण चित्र दाबणं, गुंफणं, उलगडणं यात काही सेकंद तिथेही जातात. सगळ्यात चपळ म्हणजे साध्या अँटेनावरचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण होतं, आणि ते बहुतेक ठिकाणी बंद झालं.

घरच्या घरी मोजायचं असेल तर बातम्यांची अशी वाहिनी लावा जिच्या कोपऱ्यात सेकंदासकट घड्याळ असतं. शेजारी मोबाईलचं घड्याळ धरा. दोघांतला फरक म्हणजे तुमचा एकूण उशीर. मग तीच वाहिनी छत्रीवर लावून बघा.

कमी उशिराचे प्रकारही आले आहेत. ॲपलनेच २०१९ मध्ये एक जाहीर केला, त्यात तुकड्याचेही तुकडे करून पाठवतात. पण गादी पातळ केली की हाडांना लागतं. ज्यांचं वायफाय डुगडुगतं त्यांचं चित्र थांबायला लागतं आणि मग शिव्या आम्हालाच. म्हणून पुष्कळ सेवा मुद्दाम मागे राहतात.

अनवट

बादलीची उपमा भारी. वाचनखूण साठवली.

मध्यंतर

@रात्रपाळी, दंडवत. मोजलं. छत्री: ६ सेकंद. ॲप टीव्हीवर: ३८. तेच ॲप त्याच घरात मोबाईलवर: ४७! एकाच सेवेत असा फरक का?

रात्रपाळी

कारण प्रत्येक उपकरण स्वतःची गादी स्वतः ठरवतं. मोबाईलवर मध्येच एखादा फोन आला, चित्र क्षणभर थांबलं, की तेवढा तो आणखी मागे पडतो. काही प्लेअर वेग किंचित वाढवून पुन्हा पुढे सरकतात, काही जिथे आहेत तिथेच रेंगाळतात. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलंत तर बहुधा भरून निघेल.

जुनाट_अँटेना

इथे एक मूलभूत गोष्ट राहतेय. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून सोडलेलं चित्र एकाने बघितलं काय किंवा दहा लाखांनी, सोडणाऱ्याचं काम तेवढंच. इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्याला त्याची वेगळी प्रत पाठवावी लागते. सामना रंगला, सगळे एकाच क्षणी आत घुसले, की पायऱ्यांवर चेंगराचेंगरी.

१५ नोव्हेंबर २०२४ ची टायसन-पॉल बॉक्सिंगची लढत आठवा. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीलाही त्या रात्री कित्येकांच्या पडद्यावर फिरतं चक्र दाखवावं लागलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार एका वेळी साडेसहा कोटी प्रवाह चालू होते. उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हातारा कुरकुरतोय म्हणाल. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते. तेव्हा जमतं, पण त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी लागते. आमच्या अँटेनाला गर्दी म्हणजे काय ते माहीतच नाही.

रात्रपाळी

सहमत, एका पुरवणीसह. काही इंटरनेट कंपन्या स्वतःच्या जाळ्याच्या आत मल्टिकास्ट वापरून वाहिन्या देतात. त्यात एकच प्रवाह फाट्या-फाट्यांवर विभागत जातो, तुमच्या नावाची वेगळी प्रत निघत नाही. म्हणून त्यांच्या डब्यावर वाहिनी झटकन बदलते आणि उशीरही छत्रीच्या आसपास असतो. पण तो डबा त्यांच्याच जोडणीवर चालतो, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मध्यंतर, तुमच्या फायबरवाल्याकडे असं काही आहे का ते विचारा.

चॅनल बदलायला वेळ का, तेही इथेच सांगून टाकतो. नवीन यादी मागवायची, कुलपाची किल्ली मागवायची (प्रत्येक वाहिनीला कुलूप असतं), पहिला तुकडा उतरवायचा आणि मग चित्र. घाईघाईने बटणं दाबणाऱ्याला हे काम दर वेळी पहिल्यापासून.

पाठीमागचा_बाक

तुम्ही सगळे सेकंदांत अडकलात. माझं दुखणं वेगळं आहे. मी तीन वर्षांपूर्वी छत्री उतरवली आणि एका सेवेचं वर्षभराचं पॅकेज घेतलं, केवळ एका क्रीडा वाहिनीसाठी. सातव्या महिन्यात, उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी, ती वाहिनी यादीतून गायब. ॲप उघडलं तर तिच्या जागी एक राखाडी पाटी, "ही वाहिनी सध्या उपलब्ध नाही". मदत केंद्राला लिहिलं तर उत्तर आलं की वाहिन्यांची यादी बदलू शकते हे तुम्ही मान्य केलेलं आहे. शोधलं. खरंच मान्य केलं होतं, अटींच्या चौदाव्या पानावर. पैसे परत? नाही. एक महिना फुकट वाढवून दिला, जेव्हा सामने संपलेले होते.

किरकिर

चौदावं पान वाचलंत हेच विशेष.

पाठीमागचा_बाक

नंतर वाचलं हो. आधी कोण वाचतं.

अनवट

@पाठीमागचा_बाक, मोठ्या मोठ्यांचं हेच होतं. वाहिनीचा मालक आणि सेवा यांचा करार ठराविक मुदतीचा असतो. मुदत संपत आली की मालक जास्त मागतो, सेवा नाही म्हणते आणि मधल्यामध्ये प्रेक्षकाचा पडदा काळा. अमेरिकेत यूट्यूब टीव्ही (तिथली अशीच थेट वाहिन्यांची सेवा) आणि डिस्ने यांच्यात डिसेंबर २०२१ मध्ये असंच झालं होतं, दोनेक दिवसांत मिटलं. २०२५ मध्ये पुन्हा झालं तेव्हा ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, ऐन अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात, डिस्नेच्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीसकट सगळं बंद. कोणता हंगाम निवडायचा हे दोघांनाही नीट कळतं. प्रेक्षकांची ओरड हेच तर त्यांचं हत्यार.

केबल आणि डिशवरही असे तंटे झाले आहेत, त्यामुळे हा इंटरनेटचा दोष नाही. फक्त इंटरनेटवर बाहेर पडणं सोपं असतं, महिना संपला की दुसरीकडे. म्हणूनच वर्षाचं पॅकेज घेऊ नये असं माझं मत. सवलतीच्या मोहाने आपण नेमका हाच एक फायदा हातचा घालवतो. आणि वाहिनीच कशाला, अख्खी सेवा जाते. सोनीची प्लेस्टेशन व्ह्यू मार्च २०१५ मध्ये सुरू झाली, ३० जानेवारी २०२० ला बंद. लोक अजून तिच्या मांडणीची आठवण काढतात.

जुनाट_अँटेना

अवांतर आहे, पण एरिओची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी. हवेतून फुकट मिळणाऱ्या वाहिन्या इंटरनेटवरून द्यायच्या, पण हक्काचे पैसे कोणाला द्यायचे नाहीत, असा डाव. त्यासाठी त्यांनी काय केलं असेल? नखाएवढे बारीक अँटेने हजारोंनी एका ठिकाणी लावले. तुम्ही वाहिनी लावली की त्यातला एक अँटेना तेवढ्या वेळापुरता फक्त तुमचा. म्हणायचं असं की "आम्ही प्रक्षेपण करतच नाही, गिऱ्हाईक स्वतःचा अँटेना वापरतंय, फक्त त्याची तार लांब आहे."

तांत्रिकदृष्ट्या हा शुद्ध वेडेपणा. एका मोठ्या अँटेनाने जे झालं असतं त्यासाठी हजारो लावायचे, केवळ कायद्याच्या एका वाक्यासाठी. २५ जून २०१४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की हे केबलवाल्यासारखंच आहे. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं. मला मात्र त्या अँटेनांच्या रांगांचा फोटो अजून आवडतो.

रात्रपाळी

आणि त्याच वेडेपणाचा भाऊ आजही जिवंत आहे! अनेक ठिकाणी "क्लाउड रेकॉर्डिंग" देताना एकाच कार्यक्रमाची प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत साठवतात. एका प्रतीत भागलं असतं. पण २००८ मध्ये केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात अमेरिकन अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्यात प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र प्रत असणं हा महत्त्वाचा मुद्दा होता. तेव्हापासून डिस्कवर डिस्क भरताहेत. एकच सामना, लाखो प्रती, एकीतही तसूभर फरक नाही.

नवखा_१०१

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. इतकी डोकेफोड कशाला? एक यादी मिळते, ती प्लेअरमध्ये टाकली की जगभरातल्या हजारो वाहिन्या. मी सहा महिने वापरतोय. लिंक: [संपादकांनी काढली]

संपादक

चोरीच्या वाहिन्यांच्या लिंक इथे देऊ नयेत. धाग्यावर चर्चा चालू राहू दे.

अनवट

@नवखा_१०१, राग मानू नका, पण "हजारो वाहिन्या" चालतात त्या मंगळवारी दुपारी. मोठ्या सामन्याला पहिल्यांदा त्याच कोसळतात, आणि तक्रार करणार कोणाकडे? शिवाय तुमचे कार्डाचे तपशील कोणाच्या हातात आहेत तेही ठाऊक नाही. या धरपकडीचा भुर्दंड भलत्यांनाच पडतो, हेही खरं. स्पेनमध्ये २०२५ मध्ये फुटबॉलच्या चोरट्या प्रक्षेपणाविरुद्ध सामन्यांच्या वेळी क्लाउडफ्लेअरचे (असंख्य वेबसाइट पोचवणारी कंपनी) इंटरनेट पत्तेच अडवले गेले. त्याच पत्त्यांवर राहणाऱ्या, फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या वेबसाइटही त्यात गेल्या.

पन्नास_हर्ट्झ

धागाकर्त्याच्या अडखळणाऱ्या चित्राकडे कोणी पाहिलंच नाही. खात्रीने सांगतो, इंटरनेटचा दोष नाही.

पुष्कळ वाहिन्या सेकंदाला पन्नास चित्रं पाठवतात. तुमचा टीव्ही किंवा त्याला लावलेली काडी (स्ट्रीमिंग स्टिक) साठांवर अडकलेली असेल तर पन्नासाची साठ कशी करायची? दर पाच चित्रांनंतर एक चित्र दोनदा दाखवायचं. म्हणजे सेकंदाला दहा बारीक ठेचा. वृत्तनिवेदक खुर्चीत बसलेला असतो तेव्हा कळत नाही, कॅमेरा मैदानावरून सरकला की लगेच डोळ्यांत भरतं.

सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली "फ्रेम रेट जुळवा" अशा अर्थाचा पर्याय शोधा. तो नसेल तर हाताने ५० हर्ट्झ निवडा. मग पट्टीची चाचणी: खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीतलं एक अक्षर नजरेने पकडा आणि उजवीकडून डावीकडे त्याच्याबरोबर जा. अक्षर थरथरलं तर अजून चुकतंय.

मध्यंतर

@पन्नास_हर्ट्झ, तुमच्या तोंडात साखर! काडीच्या सेटिंगमध्ये ६० होतं. ५० केलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि पट्टी लोण्यासारखी सरकायला लागली. दोन महिने मी राउटरची जागा बदलत होतो. एकदा तर तो कपाटावर चढवून ठेवला होता.

किरकिर

कपाटावर काही वाईट जागा नाही ती.

पन्नास_हर्ट्झ

फक्त सिनेमाच्या ॲपना पुन्हा ६० किंवा २४ लागेल. जुळवण्याचा पर्याय नसेल तर दर वेळी हाताने बदला, नाहीतर सामन्यांपुरती वेगळी काडी ठेवा. मी दोन ठेवल्यात. घरचे हसतात.

प्रवासी_पक्षी

एक विचारतो. मी कामासाठी सतत फिरतो. घरची सेवा दुसऱ्या देशात उघडली की "तुमच्या भागात उपलब्ध नाही". पैसे मी भरतोय ना?

अनवट

पैसे भरताय, पण सेवेने त्या वाहिनीचे हक्क एका देशापुरतेच घेतलेले असतात. युरोपीय संघात त्यावर नियम आहे. १ एप्रिल २०१८ पासून, तात्पुरतं दुसऱ्या सदस्य देशात गेलात तरी पैसे भरून घेतलेली सेवा घरच्यासारखी चालली पाहिजे. बाकी जगात सेवेच्या मर्जीवर. काही ठिकाणी देशाच्या आतही बंधनं आहेत. यूट्यूब टीव्हीला "घरचं क्षेत्र" ठरवावं लागतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी तिथून लावावं लागतं. छत्री निदान तुम्हाला हजेरी मागत नाही.

रात्रपाळी

आणि मोबाईल डेटावर बघणार असाल तर हिशेब करून ठेवा. सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. नव्वद मिनिटांचा सामना, मध्यंतर आणि आधीची बडबड धरून साडेचार जीबी कुठेच गेले नाहीत. ॲपमध्ये दर्जा हाताने एक पायरी खाली आणा, लहान पडद्यावर फरक जाणवत नाही.

जुनाट_अँटेना

मध्यंतर, शेवटी काय ठरलं? छत्री उतरली का?

मध्यंतर

धागा वर काढतोय, अहवाल द्यायचा राहिला होता.

छत्री अजून वर आहे, पण पॅकेज कमी करून सगळ्यात लहान ठेवलंय. सामने छत्रीवर, बाकी सगळं ॲपवर. फायबरवाल्याकडे मल्टिकास्टचा डबा आहे म्हणे, पण त्यात बाबांची एक वाहिनी नाही, म्हणून तो नको. सेवा महिन्याच्या बोलीवर घेतली आहे (@पाठीमागचा_बाक, तुमचं चौदावं पान डोक्यात होतं). लोगोंचा प्रश्न असा सुटला की आवडत्या वाहिन्या बाबांच्या जुन्या नंबरांच्या क्रमाने लावून दिल्या. ते आता मोजून खाली जातात. "बातम्या, खाली तीन."

पण एक नवीनच भानगड झाली. परवा बाबा म्हणाले, या ॲपवर रोज त्याच त्या बातम्या असतात. मी हसण्यावारी नेलं. मग काल शेजारी बसून पाहिलं. सोमवारी संध्याकाळी दार वाजलं म्हणून त्यांनी थेट बातम्या थांबवल्या होत्या, परत आल्यावर चालू केल्या, पुढे झोपायच्या वेळी पुन्हा थांबवल्या. ॲप दर वेळी जिथे सोडलं तिथूनच सुरू करत होतं. गुरुवारी संध्याकाळी बाबा मंगळवार दुपारचं वार्तापत्र बघत होते, आणि खाली पट्टीत "लाइव्ह" या शब्दाशेजारचा लाल ठिपका राखाडी झालेला होता. तेवढीच काय ती खूण. फोनवर काकांशी त्यांचा वादही झाला होता, अमुक निकाल लागलाय की नाही यावरून.

आता रिमोटवर "थेटवर या" हे काम करणाऱ्या बटणावर आईचं लाल नेलपॉलिश लावलंय. टीव्ही लावला की पहिल्यांदा ते दाबायचं.

रात्रपाळी

दोन दिवसांचा उशीर! ही गादी मीही कधी दिली नव्हती.

किरकिर

कुठलं बटण ते? आमच्या रिमोटवर तसं काही दिसत नाही.

मध्यंतर

गोल चकतीच्या उजव्या बाजूला दाबून धरा, पट्टी शेवटपर्यंत जाते. तिथेच ठिपका लावलाय. वाळायच्या आत बाबांनी दाबून पाहिलं, त्यामुळे थोडा पसरलाय.